६२.५ केव्हीएचा जनरेटर: ट्रॉलीवर ओढायचा की हौद्यात बसवायचा? गाडी कोणती घ्यावी?

वाईकर_मंडप

नमस्कार मंडळी. मंडप-डेकोरेशनच्या कामाला ६२.५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे वीज देण्याची क्षमता) सायलेंट जनरेटर आहे, दोनचाकी ट्रॉलीवर बसवलेला. सध्या भाड्याच्या ट्रॅक्टरला लावून नेतो. कामं वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि साताऱ्यापर्यंत, गणपतीत आणि लग्नसराईत पुण्याकडेही. ट्रॅक्टरचं भाडं आणि वेळ दोन्ही परवडत नाही म्हणून स्वतःची गाडी घ्यायची आहे. बजेट १२ लाखांच्या आसपास.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, बोलेरो पिकअप १.७ टनी घेऊन मागे हूक लावून ट्रॉली टोचन करायची. दोन, तसंच पण टाटा योद्धा २.० घेऊन. तीन, टाटा ४०७ सारखी गाडी घेऊन जनरेटर कायमचा हौद्यात बसवायचा. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, पिकअप आरामात ओढेल, हूक दोन तासांत लावून देतो. ठरवताना नक्की काय बघायचं?

काटापावती

आधी वजनकाट्यावर जा, मग शोरूममध्ये. तुमच्या पोस्टमध्ये केव्हीए आहे, पण एकही वजन नाही. आणि गाडी केव्हीए ओढत नाही, किलो ओढते.

६२.५ केव्हीएचा सेट कॅनॉपीसकट (आवाज अडवणाऱ्या पत्र्याच्या खोक्यासकट) साधारण दीड टनाच्या आगेमागे असतो. नक्की आकडा कॅनॉपीच्या दारावरच्या प्लेटवर असेल, पण तो बहुतेक वेळा कोरडा असतो, म्हणजे डिझेल, कूलंट आणि इंजिन ऑइल सोडून. शिवाय ट्रॉलीचं वजन कुणालाच ठाऊक नसतं, कारण ती गावच्या वेल्डरने हाताला लागेल त्या चॅनलची बनवलेली असते. त्यामुळे अंदाज नको, काटा करा. एखादी पिकअप तासाभरासाठी घ्या आणि एकाच फेरीत पुढची वजनं करून आणा:

१. फक्त पिकअप, टाकी भरलेली, चालक आत.
२. ट्रॉली जोडलेली, पण काट्यावर फक्त पिकअपची चाकं. ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर.
३. ट्रॉली जोडलेलीच, पण आता काट्यावर फक्त ट्रॉलीची चाकं.

दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की दांडीचं वजन निघतं, म्हणजे ट्रॉली गाडीच्या हुकावर किती बसते ते. तिसरा आकडा ट्रॉलीच्या टायरांवरचा भार. दोन्हींची बेरीज म्हणजे ट्रॉलीचं एकूण वजन. काट्याच्या आकड्यात दहा-वीस किलो इकडेतिकडे होतात, म्हणून दोनदा करा. काट्याची जागा सपाट हवी आणि दांडी जमिनीला समांतर, नाहीतर दांडीचं वजन खोटं येतं.

हे आकडे टाका, मग बोलू. तोवर फॅब्रिकेशनवाल्याला थांबवा.

पाटे_आणि_लायनर

वरच्या पोस्टला दुजोरा. आणि "आरामात ओढते" याबद्दल थोडं सविस्तर.

ओढणं हा प्रश्न इंजिनाचा फारसा नाहीच. टॉर्क बघा: बोलेरो पिकअप २०० न्यूटन-मीटर, योद्धा २.० ची २५०, ४०७ ची ३००. दोन टनांची ट्रॉली सपाटीला यातली कुठलीही गाडी ओढेल. चढावरही ओढेल, पहिल्या-दुसऱ्यात कण्हत. खरा प्रश्न आहे थांबवण्याचा, उतरण्याचा आणि चढावर मध्येच थांबून पुन्हा उचलण्याचा.

पसरणी घाटाचंच घ्या. वाई साधारण ७२० मीटरवर, पाचगणी १,२९० च्या आसपास. फरक ५७० मीटर. पिकअप, ट्रॉली, जनरेटर, माणसं धरून ४.२ टन पकडले, तर पाचगणीहून वाईला उतरताना साधारण २३.५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. समजायला सोपं करून सांगतो: ७५ लिटर गार पाण्याला उकळी आणायला जितकी उष्णता लागते तितकी. थोडी हवेत आणि टायरांत जाते. उरलेली एकतर इंजिन ब्रेकिंगने जिरवायची, नाहीतर ब्रेकच्या लायनर-ड्रममध्ये. आणि तुमच्या ट्रॉलीला बहुधा ब्रेक नाहीतच, म्हणजे दोन टनांचा सगळा भार पिकअपच्या ब्रेकवर. ते ब्रेक कंपनीने पिकअपच्या स्वतःच्या पासिंगपुरते, म्हणजे मंजूर भरलेल्या वजनापुरते, दिलेले असतात.

बिनब्रेकची ट्रॉली उतारावर दोन गोष्टी करते. सरळ रस्त्यात मागून ढकलते, हे चालकाला कळतं. वळणात ब्रेक मारला की मात्र ती गाडीचं ढुंगण बाजूला ढकलते आणि गाडी-ट्रॉलीची कात्री होते, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ओल्या रस्त्यावर, मागचा हौदा रिकामा असताना, सगळ्यात आधी. महाबळेश्वरच्या पावसात हा धोका पत्करू नये.

ओढायचंच असेल तर ट्रॉलीला ओव्हररन ब्रेक लावून घ्या. त्यात दांडीच्या तोंडाशी सरकणारा कपलर असतो. गाडी हळू झाली की ट्रॉली पुढे दाबते, कपलर आत सरकतो आणि रॉडने ट्रॉलीचे ड्रम ब्रेक लागतात. ट्रॉलीवरच्या मोठ्या एअर कॉम्प्रेसरला हीच व्यवस्था असते, जाऊन बघून या. त्याच्या दोन खोडी आहेत. रिव्हर्स घेताना ब्रेक लागून बसतो, म्हणून रिव्हर्सची खिट्टी किंवा आपोआप सुटणारे ब्रेकशू हवेत. दुसरं, कपलरचा डँपर गेला की प्रत्येक गिअर बदलताना ट्रॉली ठोसे मारते, आणि लोक वैतागून रॉड सोडून ठेवतात. मग ब्रेक असून नसल्यासारखे.

चढाचंही ऐका. माहितीपत्रकात जो चढ चढण्याचा आकडा असतो, तो गाडीच्या स्वतःच्या भरलेल्या वजनाचा, मागे ट्रॉली धरून नव्हे. बऱ्याच पिकअपच्या कागदांत ओढण्याचा आकडाच नसतो. आकडा नाही याचा अर्थ कंपनीने ते काम त्या गाडीचं मानलेलंच नाही. हवं तेवढं ओढा, असा त्याचा अर्थ काढू नका. घाटात पर्यटकांची रांग लागली की दर वीस मीटरला थांबून क्लचवर गाडी उचलावी लागते. क्लच सुटताना इंजिन हजाराच्या आत-बाहेर असतं, तिथे छापील टॉर्क मिळत नाही. म्हणून चालक फेरे वाढवतो, क्लच अर्धा धरतो आणि प्लेट जळते. सीझनच्या दोन रविवारांत क्लचचा वास यायला लागला तर नवल नाही.

पासिंग_मास्तर

कागदाची बाजू सांगतो, कारण फॅब्रिकेशनवाला ती सांगणार नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच. म्हणजे तुमच्या ट्रॉलीला स्वतःची नोंदणी लागते. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरवर त्याचा स्वतःचा नंबर बाजूला लिहायचा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही मागे दिसला पाहिजे. कलम ११३ प्रमाणे हवेच्या टायरांशिवाय ट्रेलर रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा घट्ट रबराची किंवा लोखंडी चाकांची ट्रॉली असेल तर विषय तिथेच संपतो. त्याच कलमात आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) भरलेल्या वजनापेक्षा जास्त नेण्याला मनाई आहे. कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड, शिवाय जादा माल उतरवायला लावतात. माल बॉडीच्या बाहेर आला, मागे किंवा बाजूला, तर त्याचे वेगळे २०,०००.

गावठी ट्रॉली पास करून घेणं सोपं नाही. नोंदणी नसेल तर विमाही नाही. ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर वेगळा दाखवावा लागतो. न दाखवलेल्या ट्रॉलीने कुणाला उडवलं तर कंपनी कुठलं बोट दाखवेल हे सांगायला नको. भाड्याचा ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला असेल तर तोही याच भानगडीत बसतो, हे जाता जाता.

आता गाडीकडे. भरलेलं वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, कलम ६६ मध्ये ती सूट आहे. १.७ टन ही नुसत्या मालाची क्षमता, गाडीसकट १.७ टनी पिकअप त्या रेषेच्या वर जाते, तेव्हा परमिट धरूनच चला. लायसन्सची चिंता नको. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालते, वेगळा शेरा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे. म्हणजे पिकअपवरून ४०७ वर गेलात म्हणून चालक बदलायची गरज नाही. नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांचं, मग दरवर्षी.

एकच सावधगिरी: जनरेटर कायमचा बोल्टने बसवला की गाडीच्या बॉडीचा प्रकार बदलतो. कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. म्हणून बॉडी बांधण्याआधी आरटीओत विचारून जनरेटर व्हॅन म्हणून नोंद कशी करायची ते ठरवा. आधी बांधून मग कागद करायला गेलात तर दोनदा हेलपाटे.

वाईकर_मंडप

सगळ्यांचे आभार. काटा करून आलो. दांडीचं वजन ६० किलो, ट्रॉलीच्या चाकांवर २,०००, म्हणजे एकूण २,०६०. हायड्रा क्रेनने जनरेटर उचलून वेगळाही तोलला: डिझेल भरून १,४८०. राहिली ट्रॉली ५८० किलो. चाकाच्या ॲक्सलपासून हुकापर्यंत दांडी ३ मीटर. टायर १८५ आर १४ सी, लोड इंडेक्स १०२/१००, बाजूवर शेवटचे चार आकडे ३१ १६. ट्रॉलीला ब्रेक नाहीत.

दांडी हलकी आहे हे चांगलंच ना? दोन माणसं सहज उचलतात.

काटापावती

चांगलं नाही. हाताला सोयीचं, रस्त्याला वाईट. दांडीवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा, तुमच्याकडे तीन टक्केही नाही. इतकी हलकी दांडी असली की ५०-६० च्या वेगाला ट्रॉली शेपूट हलवायला लागते आणि ब्रेक मारला की झोके वाढतात. महामार्गावर पुण्याकडे जाताना हे हमखास होणार.

हिशोब: ६० किलो गुणिले ३ मीटर, भागिले २,०६०. म्हणजे एकूण गुरुत्वमध्य ॲक्सलच्या फक्त ९ सेंटीमीटर पुढे आहे. दांडीवर १८० किलो हवे असतील तर तो २६ सेंटीमीटर पुढे हवा. ट्रॉली जागेवरच राहणार, हलणार तो १,४८० किलोचा सेट, म्हणून सेट साधारण २४ सेंटीमीटर दांडीकडे सरकवावा लागेल. सेटचा भार मधोमध नसतो, इंजिन-रेडिएटरच्या बाजूला कललेला असतो. तुमच्या ट्रॉलीवर इंजिन मागच्या बाजूला असेल तर सेट फिरवून बसवूनही काम भागेल, पण फिरवल्यावर पुन्हा काटा करा.

हे १८० किलो फुकट नाहीत. हूक मागच्या ॲक्सलच्या मागे १.२ मीटरवर आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३ मीटर धरला, तर मागच्या ॲक्सलवर १८० नाही, २५२ किलो वाढतात आणि पुढची चाकं ७२ किलोंनी हलकी होतात. स्टेअरिंग हलकं लागतं, हेडलाइट आभाळाकडे बघतात. हौद्यात शेवटाला केबलचे वेटोळे टाकलेले असतील तर आणखीच.

टायरचं तर हसावं की रडावं. लोड इंडेक्स १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो. दोन टायर १,७००. त्यांच्यावर बसताहेत २,०००. आणि ३१ १६ म्हणजे २०१६ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनलेले. नक्षी शाबूत असेल कारण ट्रॉली धावते कमी, उभी जास्त. पण उभ्या टायरची बाजू उन्हाने चिरते. नखाने दाबून बघा, केसासारख्या भेगा उघडतील. ओढा अगर नका ओढू, हे टायर आजच काढा. ११२ इंडेक्सचे घेतले तर १,१२० प्रमाणे दोघांना २,२४० मिळतात, पण रिमही त्या भाराची हवी.

चॅनल_बोल्ट

या आकड्यांवर माझं मत सरळ आहे: ओढू नका, हौद्यात बसवा, आणि पिकअप नको, साडेचार-पाच टन भरलेल्या वजनाची गाडी घ्या.

बेरीज करून दाखवतो. जनरेटर १,४८०. सेटचा पूर्ण भाराचा करंट ८७ अँपिअर, त्याला मंडपापर्यंत व्होल्टेज टिकवायला चार कोअर ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची रबर केबल धरू. त्यात नुसत्या तांब्याचं वजनच मीटरला सव्वा किलो, रबर धरून दोनच्या वर. ५० मीटरचे ११० किलो. चेंजओव्हर, अर्थिंगच्या सळ्या, हातोडा, फायर एक्स्टिंग्विशर ६०. डिझेलचे दोन ३५ लिटरचे कॅन ६५. बेसचे चॅनल आणि बोल्ट ८०. चालक धरून तीन माणसं २१०. झाले २,००५ किलो.

१.७ टनी पिकअप इथेच बाद. योद्धा २.० चा पेलोड (गाडीवर लादता येणारं वजन) दोन टन, म्हणजे पाच किलोंनी बाहेरच, आणि ताडपत्रीचा सांगाडा अजून धरलेलाच नाही. माणसंही पेलोडमध्येच मोजायची असतात हे विसरू नका. नेहमी शंभर टक्के भरून घाटात फिरणारी गाडी पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), बुश आणि ब्रेक खात राहते. ४०७ गोल्ड एसएफसीचं भरलेलं वजन ४,४५०, आयशर प्रो २०४९ चं ४,९९५. यातून त्या-त्या गाडीचं आरसीवरचं रिकामं वजन वजा करा. फक्त कॅब-चेसिस घेणार असाल तर वरची बॉडीही पेलोडमधूनच जाते. लोखंडी पत्र्याची जड बॉडी बांधून लोक स्वतःच तीनशे किलो गमावतात.

बसवायचं कसं: सेटचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे आला पाहिजे. व्हीलबेस ३ मीटर असताना ३० सेंटीमीटर पुढे ठेवला तर भाराचा एक दशांश पुढच्या ॲक्सलवर जातो, बाकी मागे. मागच्या ॲक्सलच्या मागे, ओव्हरहँगवर लादलात तर चढावर पुढची चाकं पकड सोडतात. सेट केबिनला चिकटवूही नका, पुढचा ॲक्सल ओव्हरलोड होतो आणि रेडिएटरची गरम हवा कोंडते. रेडिएटरचं तोंड मागे, इंजिनाचा धूर माणसांच्या आणि मंडपाच्या विरुद्ध बाजूला.

खाली १०० मिलिमीटरचे दोन लांब चॅनल, चेसिसच्या दांड्यांवर, मध्ये रबर किंवा कडक लाकडाची पट्टी. चेसिसच्या वरच्या-खालच्या पात्याला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग तर मुळीच नाही. भोक पाडायचंच तर उभ्या भागात, कंपनीने आधीच दिलेल्या भोकांना प्राधान्य. सगळीकडे ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट. सेट बेसफ्रेमला बांधायचा, कॅनॉपीला नाही. कॅनॉपी पत्र्याची असते, ती फक्त आवाज अडवते. अचानक ब्रेकला पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के जोर धरतात, इथे जवळजवळ १,२०० किलो. बांधणी त्या जोराला टिकली पाहिजे.

सेटच्या आत इंजिन रबरी माउंटवर तरंगतं. रोजच्या हादऱ्यांनी ते माउंट आधी बसतात, मग सायलेन्सरची लवचिक नळी चिरते. दर तीन महिन्यांनी टॉर्चने ती नळी बघा, काजळीची रेघ दिसली की बदला. बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रवासात काढून ठेवा.

वाईकर_मंडप

४०७ च्या वर्गाकडेच मन झुकतंय आता. पण एक अडचण. काही लग्नांना जनरेटर तीन-तीन दिवस एकाच जागी राहतो. ट्रॉली सोडून गाडी मोकळी करता येते, हौद्यातला सेट म्हणजे गाडी अडकली. आणि सेट गाडीवरच चालवला तर काही धोका?

पाटे_आणि_लायनर

ही अडचण खरी आहे, आणि ट्रॉलीच्या बाजूने बोलण्यासारखी तेवढी एकच. महिन्यातले दहा-बारा दिवस गाडी अडकत असेल तर सेट बोल्टने कायमचा न बसवता बेसफ्रेमवर ठेवून चार बाजूंनी ८ मिलिमीटर ग्रेड ८० च्या साखळीने आवळा. साखळ्या तिरप्या, दोन पुढे खेचणाऱ्या, दोन मागे. उतरवायला हायड्रा लागेल, पण पाचगणीला सीझनमध्ये हायड्रा वेळेवर मिळेलच असं धरू नका. अडकणारे दिवस त्याहून कमी असतील तर गाडी अडकू द्या. त्या तीन दिवसांत सामानाच्या एक-दोन फेऱ्यांना भाड्याची पिकअप स्वस्त पडते.

ट्रॉली ठेवणारच असाल तर ती साताऱ्या-पुण्याच्या सपाट कामाला ठेवा. त्यातही हूक बंपरला नाही, दोन्ही चेसिस दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या मेंबरला. पिन आणि भोक यात खेळ ठेवू नका, प्रत्येक ब्रेकला हातोडा बसतो आणि भोक अंडाकृती होतं. पिनला खिट्टी, शिवाय दोन सेफ्टी साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून, म्हणजे पिन निघाली तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून ट्रॉलीच्या हबवर हात ठेवा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग घट्ट आवळलंय किंवा ग्रीस संपलंय. नवी चाकं लावल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. दिवे जोडताना गाडी १२ व्होल्टची की २४ ची ते बघून बल्ब लावा. जादा बल्बमुळे इंडिकेटरची लय बिघडली तर फ्लॅशर रिले बदलावा लागतो. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी.

उतरताना, गाडी कुठलीही असो: ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची. ब्रेक दाबून धरायचा नाही, जोरात मारायचा आणि सोडायचा, म्हणजे मध्ये ड्रमला हवा मिळते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांवर उकळतं, पाणी शोषल्यावर ते १५५ पर्यंत उतरू शकतं. मग पेडल मऊ लागतं आणि जमिनीला टेकतं.

चॅनल_बोल्ट

सेट गाडीवर चालवण्याबद्दल: धोका आहे, आणि तो अर्थिंगचा. गाडी रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून सुटी. सेटमध्ये कुठे बॉडीला करंट आला तर तो गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर येतो, आणि ओल्या जमिनीवर उभा असलेला पोरगा दार उघडायला हात लावतो. म्हणून न्यूट्रलची दोन आणि बॉडीची दोन अशी वेगळी अर्थिंग, प्रत्येकाची सळी वेगळी आणि लांब. सेटच्या बॉडीपासून गाडीच्या चेसिसलाही जाड तांब्याची वायर, रंग खरवडून स्वच्छ धातूवर. जांभ्या खडकात सळी दोन फुटांत अडते, तिथे ओल असलेली जागा शोधून दोन-तीन सळ्या एकमेकींना जोडा. शिवाय मंडपाच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच.

सेट चालू असताना पाटे हलत राहतात, गाडी डुलते आणि केबलचे लग ढिले होतात. चारही कोपऱ्यांत चेसिसखाली स्क्रू जॅक किंवा लाकडी ठोकळे, एवढेच उचलायचे की पाट्यांवरचा भार हलका होईल, चाकं हवेत नकोत. गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, चाकांपुढे-मागे ठोकळे.

वाईकर_मंडप

अडकणारे दिवस मोजले. महिन्याला पाच-सहा भरतात, म्हणजे बोल्टनेच बसवतो. सोमवारी आधी आरटीओत जाऊन नोंदीचं विचारतो, मग शोरूम. एक राहिलं: जॅक मागच्या बाजूला नक्की कुठे लावायचा, डिफ्रन्शियलखाली चालेल?

चॅनल_बोल्ट

नाही. डिफ्रन्शियलखाली लावलात तर पाटे मोकळेच राहतात, डुलणं थांबत नाही. चेसिसच्या दांडीखाली, मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटला लागून. जॅकच्या डोक्यावर रबराचा तुकडा आणि पायाखाली फूटभर रुंद फळी, नाहीतर पावसात जॅक लॉनमध्ये बुडतो.